मंत्र्यांच्या तारखेचं बाळ

अकोला

अकोल्याच्या स्टेशनाबाहेर टांग्याच्या आधी कापूस भेटतो. डिसेंबरात तो बाभळींच्या काट्यांना, तारेच्या कुंपणांना, माणसांच्या मुंडाशांना चिकटलेला असतो. सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकापासून बैलगाड्यांची रांग पार नाक्यापर्यंत मागे गेलेली होती, आणि एका गाडीवर पांढऱ्या ढिगात रुतून गाडीवान असा गाढ झोपला होता की पुण्यातल्या कुठल्याही गादीवर इतकं सुख कोणाला मिळालं नसेल. बैल आपले आपण पुढे सरकत होते.

मी कापूस पाहायला गेलो नव्हतो. माझी थोरली बहीण अक्का तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन अकोल्याला गेली आणि तिथलीच झाली. तिनं एका येणाऱ्याबरोबर निरोप पाठवला होता की कुसुमचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात अमरावतीला मंत्र्यांच्या हस्ते आहे, तरी तू ये. मंत्र्यांच्या हस्ते कोनशिला बसवलेल्या आणि फिती कापलेल्या मी पुष्कळ पाहिल्या होत्या. पोट कापलेलं पाहिलं नव्हतं. मी रजा काढली.

घरी गेल्यावर खुलासा झाला. कुसुम ही अक्काची मुलगी. तिची पहिली मुलगी नागपूरला पोट कापून झाली होती, तेव्हा दुसऱ्या वेळीही तसंच करावं लागेल हे ठरलेलंच होतं. कुसुमचा नवरा दिगंबर अमरावतीला आबासाहेबांच्या जिनिंगमध्ये नोकरीला. आबासाहेबांनी आईच्या नावानं बाळंतपणाचा दवाखाना बांधला होता आणि त्यातल्या नव्या ऑपरेशनच्या खोलीचं उद्घाटन मुंबईहून येणाऱ्या मंत्र्यांकडून व्हायचं होतं. नुसती फीत कापण्यात काय आहे, असं आबासाहेबांना वाटलं. फीत कापल्याबरोबर आत खरं ऑपरेशन व्हावं, खरं मूल जन्मावं आणि मंत्र्यांनी ते पाहावं. कुसुमची वेळ अजून लांब होती. ती अलीकडे आणली गेली.

"मोठा मान हाय," अक्का भाकरी थापता थापता म्हणाली. तीस वर्षांत तिच्या बोलण्यातलं पुणं जवळजवळ धुऊन गेलं आहे. "साऱ्या अमरावतीत पोरीचं नाव होऊन राह्यलं."

जेवायला ज्वारीची भाकरी आणि पातोडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या झणझणीत रश्श्यात सोडतात, वर कोथिंबीर पेरतात आणि तिला सांभार म्हणतात. रस्सा इतका तिखट असतो की पाहुण्याचे डोळे भरून येतात आणि यजमानांना वाटतं, जेवण मनाला लागलं. मी डोळे पुसत असतानाच कुसुमच्या सासूबाई तेल्हाऱ्याहून आल्या. बरोबर डिंक, तूप, खारका आणि बाळासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी. त्यांची कपाशीची शेती आहे. ऐन वेचणी सोडून आल्याचं त्यांनी दोनदा सांगितलं, आणि ते खरंच मोठं होतं.

मी सहज विचारलं, कितवा महिना?

त्या म्हणाल्या, "नववा लागला, भाऊ."

सातव्याची ओटी कार्तिकात भरल्याचं अक्कानंच मघाशी सांगितलं होतं, आणि आता मार्गशीर्ष संपत आला होता. मी म्हणालो, मग हा आठवा ना? सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. अक्कानं मला हात धरून स्वयंपाकघरात नेलं.

तिनं मला समजावलं ते असं. सातव्याचं मूल जगतं, नवव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. म्हणून आठवा हा शब्द घरात काढायचा नाही. ओटी झाली की कोणी विचारलं तर नववा लागला म्हणायचं. सुरुवातीला ते मनात थोडं खुपतं, मग सगळेच म्हणतात आणि तसंच होऊन जातं. पुण्यातही बायकांना आठव्याची धास्ती असते, पण तिथे तो महिना निदान कॅलेंडरावर शिल्लक ठेवतात. इथे तो काढूनच टाकला होता.

मला त्या वेळी हे गमतीचं वाटलं.

अमरावती

आम्ही तिघं बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला कुसुमकडे गेलो. वाटेत दोन्हीकडे काळी जमीन, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, मधेच एखाद्या विहिरीपाशी संत्र्यांचा हिरवा तुकडा. डब्यात एका गृहस्थांनी मला विचारल्याशिवाय माझ्या मांडीवर चार संत्री ठेवली आणि "खा जी" म्हणून दुसरीकडे पाहू लागले. पुण्यात यासाठी आधी ओळख लागते, आणि ओळख असली तरी संत्री मिळतीलच असं नाही. बाजारात गिलावडा खाल्ला. नावावरून मला काही वेगळंच वाटलं होतं. निघाला दह्यात भिजवलेला वडा, आणि उत्तम.

दवाखान्यासमोर मंडप पडला होता. आबासाहेब स्वतः उभे राहून खांबांना अशोकाची पानं बांधून घेत होते. गोरे, उंच, हसतमुख, आवाज असा की त्यांना लाउडस्पीकरची गरज नव्हती. तरीही त्यांनी चार कर्णे लावले होते. मला त्यांनी हाताला धरून सगळं दाखवलं. खोली खरोखर चांगली होती. पांढऱ्या फरशा, मोठा दिवा, आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचं उंच नळकांडं. सगळ्या उपकरणांची पूजा झाली होती. नळकांड्यावर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि गळ्यात झेंडूचा जाड हार, तारेनं आवळून बांधलेला, उद्यापर्यंत हलू नये म्हणून. दाराशी एक मायक्रोफोन ठेवला होता. तो कशाला, असं मी विचारलं.

"बाळाचं पहिलं रडणं मंडपात ऐकू यायला पाहिजे," आबासाहेब म्हणाले. "मंत्र्यांचं भाषण चालू असताना. बघा तुम्ही, कसं होते ते."

मी पुष्कळ समारंभ पाहिले आहेत. एका वाचनालयाच्या उद्घाटनाला पुस्तकांच्या जागी पुठ्ठ्याची खोकी मांडलेलीही पाहिली आहेत. पण जन्माला यायच्या आधीच कार्यक्रमपत्रिकेत नाव लागलेला वक्ता मी प्रथमच पाहत होतो.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या होत्या. त्या कुसुमला तपासत असताना आम्ही बाहेर थांबलो. मग त्यांनी सासूबाईंना आत बोलावून विचारलं आणि सासूबाई म्हणाल्या, नववा लागला. मी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन कार्तिकातल्या ओटीचं सांगितलं. त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. पहिली मुलगी अंगावर पीत असल्यानं कुसुमची पाळी मधे आलीच नव्हती, त्यामुळे नक्की दिवस धरता येत नव्हते, पण त्यांचाही अंदाज माझ्यासारखाच होता. दोन-तीन आठवडे थांबलेलं बरं. मूल हाताला मोठं लागत होतं, पण वजनावर सगळं नसतं, असं त्या म्हणाल्या आणि तशाच आबासाहेबांकडे गेल्या.

आबासाहेब रागावले नाहीत. ते रागावत नसत. मंत्री दोन आठवड्यांनी दिल्लीला असतील, पत्रिका वाटून झाल्या आहेत, आणि घरची मोठी बाई स्वतः नववा लागला म्हणते. "बाई, मुलाच्या आजीपेक्षा तुमाले जास्त माहीत हाय काय?" आणि हसून पुढे म्हणाले की तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी नागपूरहून दुसरे डॉक्टर बोलावतो, त्यात काय.

डॉक्टरीणबाई परत आल्या तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की उद्या सकाळी करायचं. दुसऱ्या कोणाच्या हातून होण्यापेक्षा माझ्या हातून होऊ दे.

मी दिगंबरला गाठलं. तू नवरा आहेस, तू नाही म्हण. तो सज्जन मुलगा आहे. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला.

"मामा, आबासायबाले नाही कसं म्हनू? जिनिंगच्या खोलीत राहून राह्यलो आमी," तो म्हणाला. मग स्वतःलाच धीर दिल्यासारखं, "आई म्हनते ना, नववा लागला."

कुसुम मात्र खुशीत होती. तिला मुलगा होणार अशी तिची खात्री होती आणि मंत्र्यांच्या देखत होणार याचं हसू येत होतं. "मामा, तो मंत्र्याले पाहून घाबरला आन् आतच बसला तर?" असं तिनं मला विचारलं. मी म्हणालो, शहाणा असला तर बसेल.

मंडपात

मंत्री अकराला यायचे होते. ते आले नाहीत. त्यांच्या गाडीला वाटेत प्रत्येक गावानं थांबवलं होतं आणि प्रत्येक गावाचा हार घेणं त्यांना भाग होतं. मंडपात बँड तीच दोन गाणी वाजवत होता. आत कुसुम रात्रीपासून उपाशी होती. ऑपरेशनआधी पाणी चालत नाही, आणि फितीआधी ऑपरेशन चालत नाही. अक्का दर थोड्या वेळानं बाहेर येऊन फाटकाकडे पाहायची आणि आत जायची.

दुपार कलल्यावर मंत्री आले. हार आणि स्वागतगीत झालं, आबासाहेबांचं प्रास्ताविक झालं, फीत कापली गेली. मंत्र्यांनी खोलीत डोकावून पाहिलं, मान हलवली आणि ते व्यासपीठावर येऊन बोलू लागले. मातृशक्तीवर बोलले, कापसाच्या भावावर बोलले आणि पुन्हा मातृशक्तीवर आले. मी पुढच्या रांगेत दिगंबरशेजारी बसलो होतो. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

आणि कर्ण्यातून रडणं आलं.

मी कबूल करतो, अंगावर काटा आला. बारीक, चिडलेलं, अगदी जिवंत रडणं. मंडप टाळ्यांनी दणाणला. दिगंबर उठून उभा राहिला, बसला, पुन्हा उठला. मंत्र्यांनी हात वर करून आकाशाकडे पाहिलं, जणू हे त्यांनीच घडवलं होतं. आबासाहेबांनी पेढ्यांची ताटं सोडली. मुलगा झाल्याचं सांगत अक्का धावत आली. गुटगुटीत आहे, म्हणाली, जावळ आहे डोकंभर.

भाषण पुन्हा सुरू झालं. मायक्रोफोन बंद करायचा कोणाला सुचलं नाही. तो लावणारा माणूस पेढे घ्यायला गेला होता. थोड्या वेळानं कर्ण्यातून दुसराच आवाज येऊ लागला. प्रत्येक श्वासाला एक बारीकसं कण्हणं. हं. मग थांबून, हं. ओझं उचलताना माणूस करतो तसं, फक्त फार लहान. मंत्र्यांच्या प्रत्येक वाक्याला तो आवाज हुंकार दिल्यासारखा येत होता आणि मंडपात हसू पिकलं. मागून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "पोट्टं होकार देऊन राह्यलं बाप्पा." मंत्रीही हसले. बाळाचा सरकारला पाठिंबा दिसतो, असं म्हणाले आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

कण्हणं थांबलं नाही. भराभर येऊ लागलं.

मग कर्ण्यातून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, जवळून आणि तुटक. "हार काढा. आधी हा हार काढा. तोडा तो."

मंत्र्यांचा हात आपल्या गळ्यातल्या हाराकडे गेला.

मी उठलो. दाराशी गेलो तेव्हा नर्स ऑक्सिजनच्या नळकांड्याच्या चावीभोवतीची तार दातांनी आणि कात्रीनं तोडत होती, आणि झेंडूची फुलं त्या पांढऱ्या फरशीवर पसरली होती. टेबलावर बाळ होतं. मी आतापर्यंत पाहिलेल्या कुठल्याही नवजात बाळाहून ते लहान नव्हतं. गाल भरलेले, मुठी वळलेल्या. पण श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता, इतका खोल की छाती पाठीला लागेल असं वाटावं. नाकपुड्या फुलत होत्या. ओठांचा रंग जांभळासारखा होत चालला होता.

बाहेर आभारप्रदर्शन चालू होतं. कोणीतरी शेवटी मायक्रोफोन बंद केला.

दवाखाना

बाळ रात्रभर टिकलं. त्याच्याभोवती गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या आणि तोंडाशी ऑक्सिजनची नळी एका नरसाळ्यात बसवली होती. सकाळी रंग जरा उजळला तेव्हा आम्ही सगळे उगीच एकमेकांशी मोठ्यानं बोलू लागलो. सासूबाईंनी पहाटेच कुठल्यातरी देवाला नवस बोलून घेतला. कुसुमला उठता येत नव्हतं. बाळ गरम पेटीत ठेवलं आहे, असं तिला सांगितलं होतं. ती पुन्हा पुन्हा कारण विचारत होती, रडत कावून नाही?

डॉक्टरीणबाई व्हरांड्यात येऊन माझ्याजवळ बसल्या. त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच क्रमानं देतो. आईच्या पोटात मुलाला हवा लागत नाही. फुप्फुसं मिटलेली असतात. शेवटच्या आठवड्यांत ती तयार होतात, आतून एक ओशटपणा येतो, त्यामुळे एकदा उघडली की उघडी राहतात. तो आला नसेल तर प्रत्येक श्वासाला ती पुन्हा चिकटतात, आणि मुलाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच जड जातो. कण्हतं ते म्हणूनच. हवा आत धरून ठेवायला. बाहेरून मूल पूर्ण दिसतं. आजीला पूर्ण दिसतं, आबासाहेबांना पूर्ण दिसतं.

काही औषध?

"नाही. थांबायचं. तीन दिवस काढले तर बहुतेक वेळा सुटतं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "आईला आधीच काही देऊन पोटातच ती फुप्फुसं पिकवता आली असती तर... पण असं औषध मला तरी माहीत नाही. मला माहीत होतं ते एकच औषध. थांबणं."

एवढं बोलून त्या आत गेल्या.

सकाळी आबासाहेबांचा कारकून स्थानिक वर्तमानपत्र घेऊन आला आणि व्हरांड्यात उभा राहून त्यानं ते आम्हाला वाचून दाखवलं. मंत्रिमहोदयांच्या उपस्थितीत सुपुत्राचा जन्म, बाळ-बाळंतीण सुखरूप. त्याला काही माहीत नव्हतं. वाचून झाल्यावर त्यानं पेपर अक्काच्या हातात दिला, जपून ठेवा म्हणाला. आतून ते कण्हणं ऐकू येत होतं.

दुपारी ते ऐकू येईनासं झालं. मला क्षणभर वाटलं, सुटलं. मग नर्स बाहेर आली आणि तिच्याकडे पाहिल्यावर कोणी काही विचारलं नाही.

दिगंबर आणि मी गावाबाहेर गेलो. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत. काळ्या मातीला कुदळ लागली की वरचा थर खापरीसारखा निघतो आणि खाली ती ओली, मऊ असते. दिगंबरनं मला कुदळ घेऊ दिली नाही.

नंतरचे दिवस

टाके निघेपर्यंत कुसुमला दवाखान्यातच राहायचं होतं, म्हणून मीही थांबलो. भेटायला माणसं येऊ लागली. शेजारणी, जिनिंगमधल्या बायका, तेल्हाऱ्याची नातेवाईक मंडळी. सगळ्या भल्या बायका. कोणी रिकाम्या हातानं आली नाही. कोणी फळं आणली, कोणी डबा आणला. आणि प्रत्येक जण खाटेशी बसून, हात हातात घेऊन हळू आवाजात एकच म्हणे की आठव्याचं होतं, माय. आठव्याचं कसं जगन?

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला वाटलं माझाच काही घोटाळा झाला. मग दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. मूल पोटात असेपर्यंत ज्या महिन्याचं नाव घ्यायला एकही जीभ तयार नव्हती, तो आता सगळ्यांच्या तोंडी होता. मी बराच प्रवास केला आहे, चमत्कारिक चालीरीती पाहिल्या आहेत आणि त्यांच्यावर लिहून थोडं नावही मिळवलं आहे. पण त्या खाटेच्या पायथ्याशी उभं राहून मला काही लिहिण्यासारखं सुचेना. अक्कासुद्धा म्हणाली. माझी सख्खी बहीण.

टाके निघायच्या आदल्या दिवशी आबासाहेब आले. बरोबर नोकर, त्याच्या डोक्यावर संत्र्यांची करंडी. आबासाहेबांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांचा चेहरा उतरलेला होता, आवाज प्रथमच खाली होता. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पोरी, देवाची मर्जी. आठव्याचं होतं. आठव्यापुढे कोनाचं चालत नाही."

कुसुम भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती वळली. त्या आठवड्यात ती फारशी बोललीच नव्हती, त्यामुळे आवाज बसलेला होता.

"आबासाहेब, मले टेबलावर घेतलं तवा नववा होता," ती म्हणाली. "मग आठवा कधी झाला?"

दिगंबर दारात उभा होता. आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे पाहिलं.

बोलल्या त्या सासूबाई. कोपऱ्यात जमिनीवर बसल्या होत्या. "म्या म्हटला व्हता नववा," त्या म्हणाल्या. "आठवा तोंडातून काहाडू नये म्हनून. डॉक्टरीनबाईनं इचारलं तवाबी म्याच म्हटला."

आबासाहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. तो मला ऐकू आला. "आता घरच्याच माणसानं..." असं त्यांनी सुरू केलं.

"तुमी भेऊन म्हटला, आत्याबाई," कुसुम म्हणाली. तिनं सासूकडे पाहिलंही नाही; डोळे आबासाहेबांवरच होते. "यांनी सोयीनं ऐकला."

आबासाहेबांनी खुर्चीचे हात धरले. मग उठले आणि गेले. जाताना त्यांनी कोणाचाही निरोप घेतला नाही, आणि त्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे. करंडी तिथेच राहिली.

कुसुमच्या चोळीवर पुढून दोन ओले डाग पडले होते. दूध दुसऱ्या दिवसापासून येत होतं आणि थांबत नव्हतं. सासूबाई उठल्या. तेल्हाऱ्याहून आणलेल्या दुपट्यांतलं एक त्यांनी उभं फाडलं, छातीवर बांधायला त्याची रुंद पट्टी केली आणि आम्हा पुरुषांना बाहेर जायला सांगितलं. दार पुरतं लागलं नव्हतं. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होतो.

"लय घट झालं का, माय?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," कुसुम म्हणाली. "अजून आवळा."